बॅट टाकून पळताना

जानेवारीत शारजात पहाटेचं धुकं इतकं दाट उतरतं, की अल नहदातल्या आमच्या चौदाव्या मजल्यावरून समोरचे मनोरे कमरेपासून वर तेवढे दिसतात. यंदा त्या धुक्याच्या दिवसांत आमच्या घराला चामडं आणि खोबरेल तेल यांचा मिळून एक वास होता. मुलीचा बेसबॉलचा नवा ग्लव्ह फार कडक होता. तो मऊ कसा करायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पण कॉलेजात असताना बॅटला जवसाचं तेल पाजण्यात ज्याच्या संध्याकाळी गेल्या, त्याला लाकडाच्या आणि चामड्याच्या तहानेत फारसा फरक वाटत नाही. मी ग्लव्हला खोबरेल चोळलं, मधे चेंडू ठेवून सुतळीनं आवळलं आणि गादीखाली सारलं. आठवडाभर मी त्यावर झोपलो. पाठ धरली तर माझ्याकडे औषध मागायचं नाही, असं बायकोनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

मुक्ता तेरा वर्षांची आहे. तिचा जन्म इथला, आणि चिपळूण तिच्यासाठी मे महिन्यातलं एक दमट, आंब्याच्या वासाचं गाव. इमारतीमागच्या रिकाम्या प्लॉटवर सुट्टीच्या सकाळी मी तिला क्रिकेट शिकवलं. औद्योगिक क्षेत्रातल्या वर्कशॉपमध्ये आठवडाभर लोखंडाच्या किसाचा वास नाकात भरून घेतल्यावर त्या सकाळींना जे काही वाटायचं, त्याला सुखाखेरीज दुसरा शब्द माझ्याजवळ नाही. ती लांबून चेंडू फेकायची तो सरळ, जमिनीला समांतर यायचा आणि माझे तळवे चुरचुरायचे. मी खोटं कशाला बोलू, त्या चुरचुरीत मला माझं अर्धवट राहिलेलं सगळं पुरं होताना दिसत होतं. मग शाळेत बेसबॉल सुरू झाला, मारिसेल नावाच्या फिलिपिनो प्रशिक्षक बाईंनी तिची ती फेक पाहिली, आणि क्रिकेट आमच्या घरातून हळूच, निरोप न घेता निघून गेलं. मला राग आला होता. पण मुलीचा खेळ बदलला तरी बापाची जागा बदलत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि दर शनिवारी मैदानाच्या जाळीला नाक लावून उभा राहू लागलो.

ते मैदान सीमेपलीकडच्या शहराच्या कडेला, वस्ती संपून वाळू सुरू होते तिथे आहे. सकाळी फवारे नुकतेच थांबलेले असतात. ओल्या गवताचा वास आणि पलीकडून येणारा कोरड्या वाळूचा वास एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी तरंगत असतात. त्या कोवळ्या उन्हात खेळणारी मुलं पाहिली की वाटायचं, यांच्यापैकी कुणाचं नाव उद्या जग घेईल हे आज या गवतालाही ठाऊक नसेल. डावऱ्या हाताचा एक जपानी मुलगा असा चेंडू टाकायचा, की तो फलंदाजाजवळ येऊन जणू विचार बदलायचा. तोंडावर जाळीचा मुखवटा चढवून मागे बसणारा अबुधाबीचा सुलतान नावाचा मुलगा एकही चेंडू निसटू देत नसे. आणि आमची मुक्ता. उन्हाळ्यात जपानला जाणाऱ्या संघासाठी या अठरा मुलांमधून चौदा निवडायची होती, आणि मारिसेलबाईंनी आधीच सांगितलं होतं, तिथे मोठ्या अकादमींचे लोक बघायला येतात.

तिची एकच खोड मोडायची राहिली होती. क्रिकेटमध्ये बॅट हातात घेऊन पळायचं आणि ती रेषेपलीकडे टेकवायची; बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट तिथेच टाकून द्यायची आणि मोकळ्या हातांनी पहिल्या बेसकडे धावायचं, चेंडू तिथे पोचण्याआधी. सुरुवातीचे दोन महिने मुक्ता बॅट घेऊनच पळायची आणि बेसपाशी वाकून ती टेकवायची. मुलं हसून लोळायची. मग तिनं घरच्या पॅसेजमध्ये सराव केला. झाडू फिरवायचा, सोडायचा, दारापर्यंत पळायचं. खालच्या मजल्यावरच्या मलबारी काकू दोनदा वर येऊन गेल्या. पण खोड गेली.

निवडीच्या सामन्याच्या दिवशी धुकं लवकर विरलं होतं. शेवटचा डाव होता, दोन गडी बाद झाले होते, आणि तिसऱ्या बेसवर सुलतान घरी, म्हणजे फलंदाजाजवळच्या शेवटच्या बेसकडे, पळायच्या तयारीत उभा होता. मुक्तानं जपानी मुलाचा तो विचार बदलणारा चेंडू नेमका हेरला. ॲल्युमिनियमच्या बॅटचा टण्ण असा आवाज झाला आणि चेंडू डावीकडच्या मोकळ्या गवतात शिरला. तिनं बॅट टाकली. ती पळाली. केवढी सुंदर पळत होती ती! आणि तिचे रिकामे हात पाहून माझ्या आत तीस वर्षं दबा धरून बसलेला कुणीतरी माझ्याआधी ओरडला, "मुक्ता, बॅट! बॅट राहिली, बॅट घे!"

ती थांबली. अर्ध्या वाटेवरून मागे वळली, वाकली, बॅट उचलली आणि पुन्हा पळत सुटली. तोवर चेंडू पहिल्या बेसवर पोचला होता. सुलतान घरी पोचला होता, पण मुक्ताच्या रूपानं तिसरा गडी बाद झाल्यामुळे त्याची धाव मोजली गेली नाही. सामना संपला. मैदानावर कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट होतं.

मारिसेलबाई तिच्याजवळ गेल्या. मी जाळीच्या इकडे, चार पावलांवर होतो.

"मुक्ता, व्हाय डिड यू गो बॅक?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "माय मिस्टेक, कोच. ओल्ड हॅबिट."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मॅडम, मी ओरडलो, एवढंच. वर्कशॉपमध्ये पंचवीस माणसांवर आवाज चढवणारा मी तिथे जाळीत बोटं अडकवून मुकाट उभा राहिलो, कारण मला शरम वाटत होती, आणि शरमेपेक्षा भीती. पंधरा मिनिटांनी बाईंनी नावं वाचली. तेरा नावं झाली तरी मुक्ताचं नव्हतं. चौदावं तिचं होतं. माझा जीव भांड्यात पडला. पण तिनं मात्र नुसती मान हलवली, पाण्याची बाटली उचलली आणि गाडीकडे चालू लागली.

परतताना गाडीत तिनंच सुरुवात केली.

"बाबा, फ्रॉम नेक्स्ट वीक यू जस्ट ड्रॉप मी अँड गो, ओके?"

"सॉरी बेटा. मी यापुढे एक शब्द बोलणार नाही. प्रॉमिस."

"तसं नाही." मग ती मराठीत बोलली. महत्त्वाचं काही सांगताना ती शब्द शोधत शोधत आमच्या भाषेत येते. "तू ओरडलास ना, की माझे पाय माझं ऐकतच नाहीत. तुझंच ऐकतात."

पुढच्या शनिवारी मी तिला फाटकाशी सोडलं आणि खरोखरच निघून गेलो. दोन तास करायचं काय ते सुचेना. एका पेट्रोल पंपामागच्या टपरीवर करक चहा घेतला, गाडीच्या काचा पुसल्या, पलीकडच्या घाफच्या झाडाखाली विसावलेल्या उंटांकडे पाहत बसलो. एका बाजूला हलकं वाटत होतं आणि दुसऱ्या बाजूला, स्पष्टच सांगतो, कुणीतरी मला संघातून वगळल्यासारखं वाटत होतं. ठरल्या वेळी फाटकाशी गेलो तेव्हा तिच्या गुडघ्यावर ताजं खरचटलेलं होतं, केसांत वाळू होती. सवयीनं मी विचारणार होतो की चेंडू मारताना खांदा आधीच का वळवलास. पण मी काही पाहिलंच नव्हतं.

"काय झालं आज?" एवढंच विचारलं.

आणि ती सांगू लागली. इंग्रजी, मराठी, मधेच बाईंची नक्कल, मधेच हातांनी चेंडूची वाट दाखवत. निम्मं मला कळत नव्हतं. शारजाच्या सीमेवर नेहमीची कोंडी लागली, गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या, आणि मला ती कोंडी संपू नये असं वाटत होतं. इतकी वर्षं मी तिचा प्रत्येक खेळ डोळ्यांनी पाहिला होता, म्हणून तिला मला त्यातलं काहीच सांगावं लागलं नव्हतं.

सिग्नल हिरवा झालेला मला दिसला नाही. मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

"यल्ला बाबा, चल ना," ती म्हणाली, "आणि मग ऐक, थर्ड बेसवर काय झालं..."