गंभीर चेहऱ्याचा फोटो

काल दुपारी चीनमधली एक लाडकी विनोदी अभिनेत्री वारल्याची बातमी आमच्या वृत्तपत्राच्या डेस्कवर आली. निधनाच्या बातमीला गंभीर चेहऱ्याचाच फोटो लावायचा, हा आमचा रिवाज. डेस्कवरच्या सुनीताताई आणि मी शोधायला बसलो. पडद्यावर ती तरुणपणी वेंधळी मोलकरीण, उतारवयात कजाग सासू. प्रत्येक फोटोत ती घसरत तरी होती, नाहीतर गालात नूडल्स कोंबत होती. आम्हाला हसू आवरेना.

"अरे, बाई गेलीय, हसतोस काय!" म्हणत सुनीताताई स्वतःच हसल्या, मग ओशाळून पुढचे फोटो पाहू लागल्या. जिने जन्मभर हसवलं, तिला हसताना चोरी केल्यासारखं वाटत होतं.

शेवटी एक गंभीर फोटो सापडला.

"ही तीच का रे?" त्यांनी विचारलं.

फोटोखालचं नाव ताडून पाहिलं. तीच होती.

आज तोच छापून आला आहे.