कडुलिंबाचा पाला आणि इंग्रजीचा पेपर

इंग्रजी ही जिभेने शिकायची भाषा आहे असं मानणारा, आणि त्यापायी जावयाच्या तोंडाची चव घालवणारा माणूस अख्ख्या पालघर तालुक्यात एकच झाला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. बेटेगावात त्यांची चिकूची वाडी होती, आणि पुठ्ठा गेलेली एक जाडजूड डिक्शनरी. शब्दाचा अर्थ विचारला की मामा आधी तोंडात काहीतरी कोंबत. आंबट म्हणजे ‘सावर’, त्याला कच्ची चिंच; तिखट म्हणजे ‘हॉट’, त्याला लवंगी मिरची. मी मॅट्रिकच्या इंग्रजीत दोनदा आपटलेला, लग्न झालेला घोडा. बोईसरच्या कारखान्यात पिंपं उचलायचो. “पासाचा कागद दाखव, स्टोअरमध्ये कारकून करतो. नाहीतर पिंपं आहेतच,” असं साहेबाने बजावलेलं. म्हणून तिसऱ्या खेपेला मामांना शरण गेलो.

‘बिटर’ या एका शब्दात आमचा आठवडा गेला. मूठभर कडुलिंब चघळायला लावून मामा म्हणायचे, “जावयबुवा, जिभेला चावला ना? चावणं हाच त्याचा मूळ अर्थ हाय. बाइट नि बिटर एका आईची पोरं! आधी दात चावला, मग चव चावली, मग थंडी, मग दुःख, मग वैर. आमी नुसतं कडू बोलला म्हणतो, इंग्रज दातासकट म्हणतो!”

“मामा, एखादा गोड शब्द घ्या की.”

“गोड परीक्षेत येत नाय.”

आणि पालघरला पेपरात निबंध आला, ‘एक बिटर अनुभव’! डोकं कोरं. मामांनी निघताना खिशात कोंबलेला पाला मी हळूच तोंडात टाकला. वर्गावरच्या सुपरवायझरांनी झडपच घातली.

“चिठ्ठी गिळतोस? थुंक!”

“पाला आहे, सर. इंग्रजी आठवायला.”

त्यांनी खिसा उलटा केला, संशयाने दोन पानं स्वतः चावली आणि वेडंवाकडं तोंड करत पाण्याकडे धावले. मला अनुभव मिळाला! तो मी जसाच्या तसा लिहिला, शेवटी शब्दाच्या मुळासकट.

पास! इंग्रजीत छप्पन्न! रस्ताभर पेढे वाटत बेटेगावात शिरलो. मामांनी गुणपत्रिका वाचली, धोतराला हात पुसून पुन्हा वाचली. मामी आतून म्हणाल्या, “ते स्वता मॅट्रिकला तीनदा बसलेले. इंग्रजीतच ऱ्हायले.”

मामा ओशाळं हसले. “जावयबुवा, आजच्या दिवस हा कागद माझ्याकडे ऱ्हाऊ दे?”

कागदाशिवाय कारकुनी नव्हती. तरी आठवडाभर मी तो आणायला गेलो नाही.