दगडू दिला, भागा घेतला

आता तुमच्यापासून काय लपवायचं? संशय घेण्यात माझा हात कोणी धरणार नाही. चहात साखर कमी लागली तरी मला त्यात डाव दिसतो. पण त्या हंगामात मी जो पराक्रम केला ना, ऐकाच!

मी कोरीटच्या हुतूतू संघाचा कप्तान. आमचा दगडू एका दमात तिघांना बाद करून यायचा, पण पकड करायला गडी नाही. लोणखेड्याकडे पाय धरणारा भागा, तर चढाईला कोणी नाही. मग काय, लग्नात करतात तसं साटंलोटं केलं! दगडू तिकडे, भागा इकडे त्याच्या आत्याकडे राहायला.

झालं! आबाच्या हॉटेलात रोज एकच वाद. सौदा फळला की बुडाला?

"हिरा दी टाका नि गोटा लिधा!" चहा गाळता गाळता आबा म्हणायचा.

मी भागाची बाजू घ्यायचो. सौदा माझाच होता ना! पण आतून मन खायचं, लोणखेड्यानं इतका चांगला गडी सोडला कसा?

त्यात तिकडून एक पागोटंवाला म्हातारा येऊ लागला. भागाशी कुजबुजायचा, मी दिसलो की चूप! एकदा त्यानं आबालाच विचारलं, "तुमना कप्तान कसा शे? दारू पेस का? घरमा कोन कोन शेतस?"

काय गरज? हुतूतूत माझ्या घरचे खेळतात का?

पुढं तर म्हातारा थेट माझ्या ओट्यावर! पाणी मागितलं. माझ्या धाकट्या बहिणीनं, शांतानं, तांब्या दिला. हा पाणी पितोय नि डोळे गोठ्यावर, चुलीवर. वर शांताला विचारतोय, "बेटा, भाकरी तूच करस का?"

म्हणजे आमच्या खुराकाचीही माहिती चालली!

"बाबा, खेळनं शे ते मैदानवर खेळा! पोरले इचारीसन काय भेद काढतस?" मी ओरडलो नि त्याला घालवून दिलं. शांता रागानं आत गेली. मला वाटलं, हीसुद्धा फितूर!

मग सामना आला, समोर लोणखेडंच. मी भागाला बाहेर बसवलं.

"कप्तान, मन्हं काय चुकनं?" बिचारा रडकुंडीला आला.

मी त्याला ओलांडून मैदानात गेलो. कोपऱ्यावर स्वतः उभा राहिलो. दगडू आला, मी पाय धरायला झेपावलो, नि हाती फक्त माती! असं किती वेळा? नका विचारू. सपाटून हरलो.

सामना संपला नि तोच म्हातारा नारळ घेऊन पुढे आला. "मी भागाना मामा. तुमनी शांता आम्हना भागासाठे मांगानी व्हती. घर देखं, पोर देखी, सगळं चांगलं. लोके सांगेत, भाऊ संशयी शे. आम्हले पटनं नही." त्यानं मैदानाकडे हात केला. "आज देखी लिधं!"

नि नारळ परत पिशवीत!

अहो, मागणी घालण्याआधी मुलीच्या घरची चौकशी अशीच गुपचूप करतात, हे मला ठाऊक नव्हतं का? माझ्या लग्नाच्या वेळी मीच मामाला असा पाठवला होता! पण कप्तानाला सगळीकडे हुतूतूच दिसतं. माझ्या डोक्यापायी बहिणीचं लग्न मोडत होतं. मग सगळ्या गावासमोर मामाचे पाय धरले. त्या दिवसातली माझी एवढी एकच पकड यशस्वी झाली.

लग्न झालं. पंगतीत पुन्हा तोच वाद, सौदा फळला का?

आबा म्हणाला, "सौदा बराबर व्हता रे, माणूस चुकना! दगडूले ठेवानं नि कप्तानले दी टाकानं व्हतं!"

त्यावर समोरच्या पंगतीतून मामा ओरडला, "आम्ही फुकट बी लेतूत नही!"