सागाच्या बुडख्यावर सहा राजधान्या

मी डोमा, चौथी पास. आलापल्लीच्या रस्त्यावर गुणवंतराव ठेकेदाराचा सागाचा डेपो होता, तिथी रोजीनं लाकडं चढवत होतो. साऱ्या मजुरांत शिकलेला मी एकटा, म्हनून माही मान नेहमी ताठ.

छप्पनच्या नोव्हेंबरात राज्यं बदलली. आपली राजधानी नागपूर होती, ते एका दिवसात मुंबई झाली. गुणवंतराव म्हनले, "डोमा, मले मुन्शी नेमाचा आहे. माल आता चहूकडं जाईन. साऱ्या राजधान्या पाठ कर, सोमवारी विचारतो." मुन्शी म्हंजे महिन्याचा पगार, सावलीतली खुर्ची! माही बायको रंभा तर सोमवारच्या आधीच शेजारच्या बायांले सांगून आली.

हैदराबाद, पाटना, जयपूर चटकन पाठ झाले. पन एकाच अक्षराच्या जोड्या घोळ घालत: मुंबई-मद्रास, भोपाळ-भुवनेश्वर, शिलाँग-श्रीनगर. घरी पाटी नाई. मंग काय, दुपारच्या सुट्टीत थप्पीतल्या सहा लाकडांच्या बुडख्यांवर, म्हंजे कापलेल्या जाड टोकांवर, गेरूनं एकेक अक्षर काढलं, अन् पुढं उभा राहून घोकत राह्यलो. शहाणाच ना मी!

आमच्या इथी विकलेल्या मालावर गिऱ्हाइकाच्या गावाचं पहिलं अक्षर मालक गेरूनंच टाकत. दोन दिवसांनी मूल गावच्या गिऱ्हाइकाचा ट्रक आला. माहा जोडीदार झिंगू अंगठेबहाद्दर, पन 'म'चा आकार वळखे. त्यानं माही मुंबई अन् मद्रास दोन्ही ट्रकात चढवली.

ट्रक गेल्यावर मोजनी चुकली. मालक भडकले. "माहा म पाहून खोटा म काढते? चोरटा कुठचा!" म्हनून झिंगूले हाकललं. थप्पीवरचे भ अन् श कोन्या गावचे, ते मात्र त्याहीले उमगेना. झिंगूले रेघही काढता येत नाई, हे मले पक्कं मालूम. पन बोललो असतो तं मालक म्हनले असते, मंग काढता कोनाले येते? सोमवार चार दिवसांवर. मी मूग गिळून बसलो. अन् माह्यावर कोनाचा शक नाई, शिकलेला मानूस ना!

सोमवारी मालक म्हनले, "सांग राजधान्या." दिमाख दाखवाले मी कठीण जोड्याच आधी धडाधड सांगितल्या. मालक खिडकीतून थप्पीकडं पाहत राह्यले. मंग हळूच म्हनले, "म म, भ भ, श श. अबे, तू होय तो!"

मुन्शीगिरी तिथीच संपली. "झिंगूले बलाव. अन् उद्यापासून तू त्याच्या हाताखाली."

दुसऱ्या दिवशी झिंगू हसत आला. "डोमाभाऊ, तूच माह्यासाठी मालकाजवळ बोलला ना? अन् त्यापायीच तुही मुन्शीगिरी गेली ना?"

मी "हो" म्हनलं. लय लाज वाटली, पन म्हनलं.

तवापासून लाकडाचं जड टोक झिंगू आपल्या खांद्यावर घेते, अन् हलकं मले देते.