कुकरच्या तीन शिट्ट्यांचा मुकुट

हेमांगीला कुणी विचारलं, "तुला एवढा वेळ मिळतो तरी कसा गं?" की मला राग येतो. वेळ तिला मिळत नाहीच. दोंडाईच्यात आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. पोस्टातून निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली आणि त्या भिंतीतून तिचा अख्खा दिवस मला ऐकू येतो. सकाळी सहाला पाण्याची मोटर. साडेसहाला तिचा नवरा भूषण मोबाइल शोधतो. सातला पाच वर्षांची रेवा एकच मोजा घालून दुसऱ्यासाठी ओरडते. दीड वर्षाचा देवांश दिवसभर काही ना काही पाडत असतो. भूषण बाजार समितीत नोकरीला, तो एकदम संध्याकाळी उगवतो. घरात सासू तानुबाई आहेत. त्यांचे गुडघे गेलेत, पण जीभ शाबूत आहे.

या सगळ्यात ही पोरगी मोत्यांचं काम करते. तोरणं, बाहुलीचे दागिने, रेवाच्या बांगड्या. जामनेरला माहेरी असताना शिकली होती. मुलं झाल्यावर सोडून देईल असं सगळ्यांना वाटलं. तिनं सोडलं नाही, फक्त पद्धत बदलली. कुकर लावायचा, तीन शिट्ट्या होईपर्यंत बसायचं, बोटाएवढा तुकडा विणायचा, दोन्ही टोकांना गाठ मारून बारीक कडी अडकवायची आणि चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात टाकायचा. पूर्वी ती लांबच लांब माळ करायची, पण देवांशनं एकदा ती ओढली आणि पुढचा आठवडाभर सगळ्यांच्या टाचांना मोती टोचत होते. तेव्हापासून तुकडे. गंमत म्हणजे प्रत्येक तुकडा तिला ओळखू येतो. "काकू, हा दूध उतू गेलं तेव्हाचा. हा रेवाच्या अंघोळीचा. आणि हा लाइट गेली होती तेव्हाचा. बघा, एक मोती जास्त आहे."

तानुबाईंना हे अजिबात पटायचं नाही. दारातल्या ओट्यावर बसून त्या मला अहिराणीत मोठ्यानं ऐकवायच्या, म्हणजे आत सुनेलाही ऐकू जावं. "हिनं एक काम पुरं व्हस नही, सुनंदाबाई. बठ्ठा तुकडाच तुकडा!"

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. कलशावरचा नारळ हीच देवी. तिला डोळे, नाक, नथ, मुकुट, साडी, सगळं. भाऊबंद एका घरी जमतात, नैवेद्याचे रोट होतात आणि सोमवारी देवी डोक्यावर घेऊन नाचत-गात नदीवर नेऊन परत आणतात. तानुबाईंच्या घरची कानबाई दरवर्षी साक्रीजवळच्या गावी थोरल्या मुलाकडे बसते. यंदा तिथं घराचा स्लॅब टाकायचा होता, म्हणून कानबाई पहिल्यांदाच दोंडाईच्याला येणार असं ठरलं. आणि हेमांगी सगळ्यांसमोर म्हणून बसली, "मुकुट मी करते."

मग तानुबाई म्हणाल्या, "देवीनं काम शे. अर्धं ऱ्हायनं तर भाऊबंदमा नाक कापाई जाई."

शेवटी थोरली जाऊ कोकिळा हिनं तोडगा काढला. ती धुळ्याहून एक तयार मुकुट आणून ठेवेल. हेमांगीचा रविवारी चारपर्यंत झाला तर तो, नाही तर बाजारातला. कोकिळा चांगल्या मनानंच बोलली होती, पण हेमांगीचा चेहरा मी पाहिला. हा मुकुट आता तिच्यासाठी नुसता मुकुट राहिला नव्हता.

राहता राहिलं माप. देवी वर्षभर ज्या पेटीत असते ती पेटी बसायच्या दिवसाखेरीज उघडायची नाही, हा त्या घरचा नेम. मग व्हिडिओ कॉल झाला. कोकिळानं दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली, "येवढी शे. चांगली भरेल शे माय!" हेमांगीनं त्या ओंजळीएवढा नारळ स्वयंपाकघरातून शोधून काढला आणि फडताळात वर ठेवून दिला.

पुढचे वीस दिवस काय धमाल! एकीकडे घराला रंग, पडदे धुणं, डबे घासणं. दुसरीकडे रेवाची शाळा, देवांशची सर्दी. आणि मध्ये मध्ये तुकडे. मी कशाला त्यात पडले कोण जाणे, पण रोज दुपारी जाऊन तो डबा कानाशी हलवल्याशिवाय मला चैन पडेना. डबा जड व्हायला लागला तशी उरलेले दिवस मीच बोटांवर मोजायला लागले. रविवारी सकाळी भूषणनं दोन्ही मुलांना स्टेशनवर रेल्वे बघायला नेलं आणि हेमांगीनं तुकड्याला तुकडा जोडला. पांढरे मोती, मध्ये लाल, वर हिरवा तुरा. फडताळातल्या नारळावर मुकुट असा चपखल बसला की चौसष्टाव्या वर्षी मी टाळ्या पिटल्या.

तीन वाजता कोकिळा पेटी घेऊन आली. घर पाहुण्यांनी भरलेलं. तानुबाईंनी पेटी उघडली, लाल कापड सोडलं आणि देवीला कलशावर ठेवलं. किती पिढ्यांचा तो नारळ, काळाभोर, वाळून वाळून एवढासा झालेला. हेमांगीनं दोन्ही हातांनी मुकुट चढवला. तो कपाळावरून घसरला, डोळ्यांवरून घसरला आणि नाकावर जाऊन थांबला.

"आई, कानबाईनं हेल्मेट घातलं!" रेवा ओरडली.

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. कोकिळानं कपाळावर हात मारून घेतला. "मनीच चूक शे वं. वरीसमा एकदावच दखतस तिले, मनमा मोठीच ऱ्हास." तिनं बिचारीनं हळूच आपल्या पिशवीची चेन उघडली. आतला बाजारातला मुकुट चमकला. आरतीला वेळ थोडा होता. सगळ्यांच्या नजरा तानुबाईंकडे वळल्या. तानुबाई देवीकडे बघत होत्या.

"एक मिनिट, ताई," हेमांगी म्हणाली. मुकुट काढून ती तिथंच पाटाशेजारी मांडी घालून बसली. स्वयंपाकघरात पुरणाच्या डाळीचा कुकर चढलेला होता. पहिली शिट्टी झाली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं, यात कापायचं काहीच नव्हतं! सलग विणला असता तर मुकुट वाया गेला असता. हा तर सगळा कड्यांवर जोडलेला. हेमांगीची बोटं भराभर चालायला लागली. कडी सोड, तुकडा काढ, कडी लाव. देवांश येऊन मांडीत बसला, तरी हात थांबले नाहीत. तिला त्याची सवयच होती. "हा लाइटवाला काढते. हा सर्दीचा. हा..." एका तुकड्याशी ती अडखळली आणि तो पटकन पदराखाली सरकवला.

"हाऊ काब्र काढी टाका?" तानुबाईंनी कारण विचारलंच, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

हेमांगी लाल झाली. "हा नको, आई. त्या दिवशी तुम्ही काकूंना ओट्यावर सांगत होता... मी आत चिडून चिडून विणला. देवीला कसा घालू?"

मी तर भिंतीकडेच बघायला लागले, कारण ओट्यावर ऐकणारी मीच होते. दुसरी शिट्टी झाली.

तानुबाईंनी हात पुढं केला. हेमांगीनं तुकडा दिला. म्हातारीनं तो डोळ्यांजवळ नेला, बोटानं एकेक मोती चाचपला. त्या साऱ्या मुकुटात तेवढं घट्ट विणकाम दुसरं नव्हतं.

"मायले राग बी चालस," त्या म्हणाल्या. "लाव त्याले. मधमा लाव, कपायवर."

कुकरची तिसरी शिट्टी झाली तेव्हा मुकुट देवीच्या डोक्यावर होता, बरोब्बर भुवयांच्या वर, जराही हलत नव्हता. कोकिळानंच पहिल्यांदा हात जोडले आणि मग असा काही गलका झाला की आरती कुणी सुरू केली ते कळलंच नाही. मी बेसूर आवाजात सगळ्यांच्या वर गात होते आणि मला त्याची बिलकूल लाज वाटली नाही.

सोमवारी देवी नदीवरून परत आली. बाजारातला मुकुट कोकिळाच्या पिशवीतून बाहेर निघालाच नाही. पेटीत नारळाशेजारी हेमांगीचा मुकुट ठेवून तानुबाईंनी लाल कापड गुंडाळलं आणि झाकण लावलं.

मंगळवारी सकाळी भिंतीपलीकडे नेहमीचंच सगळं सुरू झालं. मोटर, मोबाइल, मोजा. मग कुकर लावल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ देवांशचं रडणं. मी कान दिला.

"त्याले आठे आण," तानुबाई म्हणत होत्या. "पोरले मी दखस. तू बठ, तुना तुकडा कर."