फटीपेक्षा जाड दोरी

हिंगोली जिल्हा झाला, इमारती भराभर उठू लागल्या, आणि त्यांचे सांधे बुजवणारे एक मिस्त्री माझ्या दुकानात फोमची दोरी घ्यायला येऊ लागले. टेप खिशात, पण माप बोटांचं. "फट करंगळीएवढी, तर दोरी अंगठ्याएवढी. दाटून बसली पाह्यजे, न्हाई तर वरून भरलेलं चिकट सीलंट आत पडते," हे दर वेळी मलाच शिकवायचे. वर, कापताना तुकडे वाया जातील म्हणून दोन हात दोरी जास्तीची!

एकदा त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या आणि शेजारच्या भावाच्या घरांमधल्या भिंतीला चांगली करंगळीभर फट.

मी हसलो. "मिस्त्री, उरलेली दोरी इथं काहून न्हाई भरली?"

"भाऊ बोलत न्हाई आमच्याशी," ते हळूच म्हणाले. "इथून त्याचा खोकला तेवढा ऐकू येतो."