डावखुऱ्याची मार्टिनी

पद्माकरकाकांची मार्टिनी रायफल मोडली ती तांदळाच्या एका दाण्यामुळे, आणि तो दाणा त्यांनी स्वतःच टाकला होता.

काका कार्डिफच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. मी त्यांच्या वरच्या खोलीत राहून मेकॅनिकलचं एमएससी करत होतो. काका डावखुरे, शाळेत त्या हातावर छड्या खाल्लेले. बहुतेक रायफलींचा गोळी भरायचा बोल्ट उजव्या बाजूला असतो. या जुन्या मार्टिनीची लिव्हर मात्र खाली, मधोमध. "हिनं मला कधी हात विचारला नाही," असं ते म्हणायचे. बर्मिंगहॅममध्ये ती बनणं बंद होऊन वीस वर्षं झाली होती. नेमबाजी क्लबातले म्हातारे अजून त्यावर कुरकुरत.

त्या ऑक्टोबरात, २००६ साली, काउंटीच्या संघात एक जागा रिकामी झाली. शनिवारी निवड होती. दहा गोळ्या, दहा मिनिटं. एकसष्टाव्या वर्षी काकांचं नाव पहिल्यांदाच यादीत लागलं होतं.

आदल्या रविवारी खंडेनवमी. काकांनी रायफल पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. संध्याकाळी पुसून ठेवताना लिव्हर अडकली. त्यांनी जोर लावला. कट्ट! उडालेल्या गोळीची रिकामी पुंगळी बाहेर ओढणारी, आधीच झिजलेली आकडी तुटली. खाली तांदळाचा दाणा.

"तांदूळ तू दिलास," काका ओरडले.

"दिला ना! पण बंदुकीच्या तोंडात वाढा म्हटलं नव्हतं," सुमनकाकू म्हणाल्या.

सोमवारी मी चार दुकानांना फोन केले. चौघांनी आधी मार्टिनीचं कौतुक केलं, मग पार्ट नाही म्हणून सांगितलं. एकाने वर विचारलं, "विकायची आहे का?" डावखुरी नवी रायफल मागवायची तर पोलिसांची परवानगी, मग महिनोन्महिने वाट. क्लबची रायफल होती, पण तिचा बोल्ट उजवीकडे.

मग मीच युनिव्हर्सिटीच्या वर्कशॉपमध्ये आकडी बनवायला घेतली. मऊ ठेवली ती वाकली. कडक केली ती तुटली. आराखडा नाही, मूळ पोलाद कोणतं ते कुणाला ठाऊक नाही. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून मला नखाएवढा तुकडा जमेना.

"राहू दे रे अपूर्व," शुक्रवारी काका म्हणाले. "पुंगळी हातानं काढीन."

शनिवारी त्यांनी चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरने प्रत्येक पुंगळी उकरून काढली. कधी पाऊण मिनिट, कधी दीड. शेजारचे नेमबाज आपापलं संपवून उठून गेले. काका पालथे पडून, घाम पुसत, उकरत होते. शिट्टी वाजली तेव्हा सात गोळ्या झाल्या होत्या.

संघाच्या कॅप्टन एम्लिनने काकांचं निशाण्याचं कार्ड उजेडात धरलं. सातही भोकं मधल्या दहा गुणांच्या ठिपक्यात.

"पॅडी, सुंदर आहे हे," तो काकांना म्हणाला. मग कार्ड परत देत, "पण सत्तरच होतात."

जागा ब्याण्णववाल्याला गेली.

घरी काकूंनी कार्ड पाहिलं. "पुढच्या वर्षी नुसतं फूल वाहा."

"पुढच्या वर्षी यादीत कोण घेतंय मला?" काका म्हणाले. त्यांनी रायफल कपाटात ठेवली, न उडालेल्या तीन गोळ्या आपल्या डब्यात टाकल्या, आणि कुलूप दोनदा ओढून पाहिलं.